रोजच्या ध्यानाचा पेशींवरचा परिणाम मोजायचा असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नाशिकला योगवर्ग घेता आणि त्यात रोज २० मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून बसण्याचा सराव असतो. नव्याने येणाऱ्या ३० जणांचं रक्त सुरुवातीला आणि ८ आठवड्यांनी तपासून त्यांच्या टेलोमिअरची (गुणसूत्रांच्या टोकांची) लांबी वाढली का, हे तुम्हाला बघायचं आहे. एक डॉक्टर स्नेही मदतीला आहेत, एका लॅबने दरही सांगितलाय. हा अभ्यास कसा आखावा?

सरळच सांगते. या आखणीतून हाती काही लागणार नाही. आकडा वाढला तरी तो ध्यानामुळे वाढला असं म्हणता येणार नाही, आणि घटला तरी ध्यान निरुपयोगी ठरणार नाही. यात ध्यानाचा काही दोष नाही. अडचण मोजण्यात आहे. माझं रोजचं काम रक्ताचे नमुने आणि ट्रायलची आकडेमोड हे असल्यामुळे उत्तर त्याच बाजूने देते. ध्यान कसं शिकवायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

आधी ही कल्पना आली कुठून ते बघू. आपल्या गुणसूत्रांच्या टोकांना डीएनएच्या टीटीएजीजीजी या सहा अक्षरांची एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली असते. ते टोक म्हणजे टेलोमिअर. पेशी विभागली की ते जरासं आखूड होतं. टेलोमरेज नावाचं एन्झाइम ही झीज काही पेशींमध्ये थोडीफार भरून काढतं. या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शॉस्टॅक यांना २००९ चं नोबेल मिळालं. त्याआधी २००४ मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल आणि ब्लॅकबर्न यांच्या गटाचा ५८ आयांवरचा अभ्यास छापून आला होता. त्यातल्या ३९ जणींची मुलं दीर्घकाळ आजारी होती, बाकीच्यांची निरोगी. सगळ्यांत जास्त ताण जाणवणाऱ्या बायकांच्या पांढऱ्या पेशींतले टेलोमिअर कमी ताणाच्या बायकांपेक्षा बरेच आखूड निघाले. फरक किमान १० वर्षांच्या वयाइतका होता.

तिथून पुढची साखळी लोकांनी स्वतःच जोडली. ताणाने टेलोमिअर झिजतात, ध्यानाने ताण उतरतो, म्हणजे ध्यानाने टेलोमिअर वाचतात. ऐकायला ठाकठीक वाटतं. पण २००४ चा तो अभ्यास एका वेळचं चित्र होता आणि त्यातला फरक वर्षानुवर्षांच्या ताणातून साचलेला होता. तुम्ही बघणार आहात ८ आठवड्यांतला बदल. त्याचं गणित मांडून बघा.

मध्यमवयीन माणसाच्या पांढऱ्या पेशींत टेलोमिअरची सरासरी लांबी साधारण ७,००० अक्षरजोड्या धरा. प्रौढपणी वर्षाला साधारण ३० जोड्यांची घट होते. म्हणजे ८ आठवड्यांत चार-पाच. आता समजा तुमच्या ध्यानाने चमत्कार केला आणि ही झीज पूर्ण थांबवली. तरी तुम्हाला दिसायला हवा तो फरक चार-पाच जोड्यांचा. लॅब जी पद्धत वापरते ती बहुतेक क्यूपीसीआर असणार, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवत जाऊन तो मूळचा किती होता ते ठरवणारी. २००२ मध्ये रिचर्ड कॉथन यांनी मांडलेली ही पद्धत स्वस्त आहे आणि रक्तही कमी लागतं, म्हणून सगळीकडे तीच चालते. चांगल्या हातात तिची चूक ५ टक्क्यांच्या आसपास राहते, ढिसाळ हातात १० च्या वर जाते. ७,००० चे ५ टक्के म्हणजे ३५० जोड्या. म्हणजे एका मोजणीतली चूकच दहा-बारा वर्षांच्या झिजेएवढी. वखारीच्या काट्यावर सोन्याची नथ तोलण्यातला हा प्रकार आहे.

यावर तुम्ही म्हणाल, ३० जणांची सरासरी घेतली की चुका एकमेकींना खाऊन टाकतील. थोड्याफार खातात. एकाच माणसाची दोन मोजमापं वजा केली की चूक ७ टक्क्यांवर जाते. ३० जणांच्या सरासरीत ती सव्वा टक्क्यापर्यंत उतरते. सव्वा टक्का म्हणजे सुमारे ९० जोड्या, तीन वर्षांची झीज. आणि आपण निकाल सांगताना त्याच्या दुप्पट मोकळीक दोन्ही बाजूंना सोडतो. हे नुसतं यंत्राचं झालं. माणसांमाणसांतला खरा फरक अजून यात धरलेलाच नाही.

म्हणूनच ८-१० आठवड्यांत टेलोमिअर ठळकपणे लांबल्याचा दावा दिसला की मी आधी बघते, सुरुवातीला कोणाचे टेलोमिअर आखूड होते. ज्यांचं पहिलं मोजमाप चुकून कमी आलं त्यांचं दुसरं आपोआप वर येतं, जास्त आलेल्यांचं खाली जातं. सरासरीकडे परतण्याचा हा खेळ जुनाच आहे, पण टेलोमिअरच्या बाबतीत तो फार फसवतो. तुमच्या वर्गात तो आणखी एका वाटेने शिरेल. माणूस ध्यानाच्या वर्गाला नाव नोंदवतो ते बहुतेक वेळा डोक्यावरून पाणी गेल्यावर. तिथून पुढे दोन महिन्यांत काहीच केलं नाही तरी त्याचं थोडं बरं चालण्याचीच शक्यता जास्त.

आता याहून मोठी गोष्ट, जी योगाभ्यासावरच्या कितीतरी निबंधांत वगळलेली असते. आपण 'पेशींचे टेलोमिअर' म्हणतो, पण मोजतो ती रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या मिश्रणाची सरासरी. त्यात न्यूट्रोफिल असतात, बी आणि टी लिम्फोसाइट असतात, टी पेशींत पुन्हा कोऱ्या आणि अनुभवी अशा दोन्ही. प्रत्येकीच्या टेलोमिअरची लांबी निराळी. कोऱ्या टी पेशींचे लांब, वारंवार विभागलेल्या अनुभवी पेशींचे आखूड. हे मिश्रण तासागणिक बदलतं. सकाळ-संध्याकाळ, व्यायाम, जागरण, सर्दी, सुई टोचून घेण्याची भीती, प्रत्येकाने प्रमाण हलतं. म्हणजे एकाही पेशीचा टेलोमिअर एका अक्षरानेही न वाढता तुमचा आकडा 'वाढू' शकतो. कॅलिफोर्नियातल्या स्पिरिट रॉक केंद्रात महिन्याभराच्या शिबिराला बसलेल्या साधकांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. तीनेक आठवड्यांत त्यांचे टेलोमिअर लांबलेले दिसले. इतक्या कमी वेळात टोकं खरोखर लांबण्यापेक्षा रक्तात कुठल्या पेशी फिरत होत्या ते प्रमाण बदललं असावं, हे स्पष्टीकरण मला जास्त पटतं. तेही महत्त्वाचं असू शकतं, पण 'वय मागे फिरलं' असं त्याला म्हणता येत नाही.

मग टेलोमरेज मोजावं का? ते झटपट बदलतं, त्यामुळे ८ आठवड्यांत फरक सापडण्याची शक्यता जास्त. सापडलेलाही आहे. २०१३ मध्ये लॉस एंजेलिसच्या हेलन लाव्हरेत्स्की यांच्या गटाने स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या ३९ नातेवाइकांवर प्रयोग केला. एका गटाने रोज १२ मिनिटं कीर्तन क्रिया (मंत्रजपाचा एक ध्यानप्रकार) केली, दुसऱ्याने तेवढाच वेळ शांत संगीत ऐकलं. आठ आठवड्यांनी पहिल्या गटात टेलोमरेज ४३ टक्के वाढलं, दुसऱ्यात ३.७ टक्के. स्तनाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या १४२ बायकांच्या २०१४ च्या ट्रायलमध्ये माइंडफुलनेस (आत्ताच्या क्षणावर सजगपणे लक्ष ठेवण्याचा सराव) गटात १२ आठवड्यांत सुमारे १७ टक्के वाढ दिसली, तुलना गटात ३ च्या आसपास. त्याच बायकांच्या टेलोमिअरच्या लांबीत मात्र काही फरक नव्हता.

पण टेलोमरेज वाढणं म्हणजे चांगलंच, असं धरून चालू नका. माणसाला अचानक ताण दिला, उदाहरणार्थ अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायला लावलं, तर तासाभरात पांढऱ्या पेशींतलं टेलोमरेज वाढतं. २००७ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या लोकांत टेलोमिअर आखूड आणि टेलोमरेज उलट जास्त सापडलं. पेशी बहुधा झीज भरून काढायच्या धडपडीत होत्या. म्हणजे वाढलेला आकडा सुधारणेचाही असू शकतो आणि संकटाचाही. शिवाय तुमच्या सहभागींना पहिल्या वेळी सुईची धास्ती जास्त असणार आणि दुसऱ्या वेळी कमी, तोही फरक आकड्यात उतरणार. या विषयातल्या सगळ्यांत गाजलेल्या अभ्यासाचंही बघा. कोलोरॅडोतल्या शमथ प्रकल्पात ३० जण तीन महिने शिबिरात राहून रोज सुमारे सहा तास ध्यान करत होते आणि ३० जण प्रतीक्षायादीत होते. २०११ च्या निबंधात शिबिरातल्यांचं टेलोमरेज जास्त असल्याचं सांगितलं आणि जगभर मथळे झळकले. टेलोमरेज मोजलं होतं फक्त शिबिराच्या शेवटी. सुरुवातीचा आकडा नव्हताच. लेखकांनी ते लपवलेलं नाही, निबंधात स्पष्ट लिहिलंय, पण मथळ्यांपर्यंत ते पोचलं नाही.

लहान अभ्यासांत दिसलेलं मोठ्यांत टिकतं का, हे बघायचं तर जर्मनीकडे जायला हवं. तानिया सिंगर यांच्या रिसोर्स प्रकल्पात नऊ महिन्यांचं प्रशिक्षण होतं, तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांत. पहिला टप्पा जवळजवळ तुमच्या वर्गासारखाच, श्वास आणि शरीरावर लक्ष. २९८ निरोगी प्रौढांचे टेलोमिअर तपासले गेले आणि निकाल २०१९ मध्ये आला: गट म्हणून पाहता प्रशिक्षणाचा टेलोमिअरच्या लांबीवर परिणाम नाही. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनातल्या १२ आठवड्यांच्या ट्रायलचा निकाल आला. त्यात मैत्रीभावनेच्या ध्यानाच्या गटात टेलोमिअर जवळपास टिकून राहिले, पण माइंडफुलनेसच्या गटात आणि काहीच न करणाऱ्यांत ते घटले. लोकांनी त्यातून 'मैत्रीभावना श्रेष्ठ' एवढंच उचललं. मला त्यात वेगळंच खटकलं. बारा आठवड्यांत मोजता येण्याजोगी घट होणं हेच नैसर्गिक झिजेच्या वेगाशी जुळत नाही. तिथेही मिश्रण किंवा मोजणी बोलत असणार.

मेंदूच्या बाबतीत हेच होऊन गेलंय. आठ आठवड्यांच्या कोर्सने मेंदूतला करडा भाग वाढतो असं २०११ मध्ये आलं आणि ते सर्वत्र पसरलं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसनच्या गटाने २१८ जणांच्या माहितीवर तपासलं तेव्हा तसं काही आढळलं नाही. तो गट ध्यानाचा विरोधक मुळीच नाही. त्या गटातल्या रिचर्ड डेव्हिडसन यांचं सगळं आयुष्य याच विषयात गेलंय. म्हणून त्या निकालाला वजन आहे.

याच मॅडिसनच्या लोकांकडून तुम्ही एक गोष्ट जरूर घ्या: तुलना गट कसा बांधायचा. त्यांनी माइंडफुलनेसच्या आठ आठवड्यांच्या कोर्सला जोड म्हणून दुसरा कोर्स तयार केला. तेवढेच तास, तेवढाच गृहपाठ, तितकाच उत्साही शिक्षक, पण त्यात चालणं, आहार, संगीत असं सगळं, ध्यान तेवढं नाही. हे का लागतं? तुमच्या वर्गात येणारा माणूस २० मिनिटं ध्यान करतो, पण त्यासोबत सकाळी लवकर उठतो, तासभर मोबाइल बाजूला ठेवतो, चार माणसांत बसतो, कोणीतरी आपुलकीने त्याची विचारपूस करतं. संध्याकाळी वडापावऐवजी फळ खातो, कारण आता तो 'योगवाला' झालाय. यातलं पेशींपर्यंत काय पोचलं ते वेगळं काढायचं तर या सगळ्या गोष्टी दुसऱ्या गटालाही मिळाल्या पाहिजेत.

२०१६ चा एक अभ्यास यासाठी मला फार आवडतो. कॅलिफोर्नियातल्या एका रिसॉर्टवर ९४ बायकांना सहा दिवस नेलं. ज्या ध्यानात नवख्या होत्या त्यांतल्या काहींना चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून ध्यान शिकवलं, उरलेल्यांना नुसती सुट्टी घ्यायला सांगितलं. तिसरा गट आधीपासून नियमित ध्यान करणाऱ्यांचा. रक्तातल्या जनुकांच्या हालचालीत तिन्ही गटांत बदल झाला आणि त्यातला मोठा भाग सारखाच होता. सुट्टीचा परिणाम! तुलना गट नसता तर सगळं श्रेय ध्यानाला गेलं असतं.

इगतपुरी तुम्हाला जवळ आहे, त्यामुळे हा विचारही मनात येईल: १९७६ पासून तिथल्या धम्मगिरी विपश्यना केंद्रात दहा-दहा दिवसांची शिबिरं चालू आहेत, तिथल्या साधकांचं आधीचं-नंतरचं रक्त घेतलं तर? तिथे पहाटे चारला घंटा होते, रात्री साडेनऊला दिवे जातात, जेवण सात्त्विक, संध्याकाळचं जेवण नाही, तंबाखू-दारू बंद, फोन बंद, बोलणं बंद. दहा दिवसांत माणसाचं सगळंच बदलतं. बदल मोठा दिसेल, पण तो कशाचा हे सांगता येणार नाही. दिल्लीच्या एम्सचा २०१७ चा अभ्यासही याच कारणाने अर्धवट वाटतो. १२ आठवडे योग, ध्यान आणि जीवनशैलीतले बदल. ९६ निरोगी लोक. टेलोमरेजपासून डीएनएवरच्या ऑक्सिडेशनच्या खुणांपर्यंत बरंच काही मोजलं आणि पुष्कळ आकडे चांगल्या दिशेला गेले. तुलना गट नव्हता. एवढी मेहनत आणि एवढी चांगली लॅब असताना तो असायला हवा होता, असं मला वाटतं.

आता तुमच्या अभ्यासाकडे. तुमचा प्रश्न मी असा बदलून घेईन: सहा महिन्यांच्या सरावाने पेशींपर्यंत पोचणारे ताणाचे आणि दाहाचे निरोप कमी होतात का? ध्यान थेट गुणसूत्राला हात लावत नाही. मधे कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आहे, स्वायत्त चेतासंस्था आहे, रोगप्रतिकारक पेशींतले दाहाचे स्विच आहेत, त्यानंतर ऑक्सिडेशनची इजा आणि सगळ्यांत शेवटी टेलोमिअर. पहिल्या कड्या हलल्या नाहीत तर शेवटची का हलावी? आणि पहिल्या कड्या कमी वेळात मोजता येतात. रिसोर्स प्रकल्पातच केसांतलं कॉर्टिसॉल सहा महिन्यांत सरासरी पाव हिश्शाने घटलं. टेलोमिअर जागचे हलले नाहीत अशाच लोकांत हे घडलं, हे लक्षात घ्या.

केस हे तुमच्यासाठी सोयीचंही आहे. डोक्याच्या मागच्या बाजूने मुळाशी कापलेला तीन सेंटिमीटर केस म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी. सुई नाही, फ्रीझर नाही, पाकिटात ठेवला की झालं. अडचण मेंदी आणि केसांच्या रंगाची. कोणी कधी काय लावलं याची नोंद ठेवा, नाहीतर चाळिशीपुढच्या निम्म्या बायकांचे आकडे संशयास्पद होतील. टक्कल पडलेले काका अर्थातच यातून सुटतात, त्यांचं काय करायचं ते आधी ठरवा.

रक्तात हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी, म्हणजे दाह वाढला की वाढणारं एक प्रथिन, मोजा. कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होतं आणि स्वस्त आहे. पण ते साध्या सर्दीनेही उसळतं. म्हणून दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी घ्यावी आणि लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर आलं तर संसर्ग समजून ती मोजणी पुन्हा करावी. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत सुरुवात केलीत आणि थंडीत शेवट केलात तर सीआरपी बहुधा आपोआप उतरेल आणि तुम्हाला ध्यानाचा विजय वाटेल. मधे गणपती, नवरात्राचे उपास, दिवाळीचं फराळ आणि जागरणं. यावर उपाय एकच: दोन्ही गट एकाच तारखांना, एकाच वेळापत्रकाने चालवा. सण दोघांनाही सारखेच येऊ देत.

किती माणसं? ध्यानाचा परिणाम मध्यम-छोटा धरला, म्हणजे माणसांमाणसांतल्या नेहमीच्या चढउताराच्या ०.३ पट, तर नेहमीच्या निकषांनी प्रत्येक गटात सुमारे १७५ लागतात. सुरुवातीच्या आकड्याची शेवटच्याशी चांगली सांगड असेल आणि विश्लेषणात तो हिशोबात घेतला तर हे जवळपास निम्म्यावर, ९० पर्यंत येतं. त्यावर गळतीसाठी आणखी पाचवा हिस्सा धरा. सहा महिने रोज बसणं सोपं नाही, गळती होणारच. आणि गळालेल्यांनाही शेवटी तपासायला बोलवायचं. नाहीतर शेवटी उरतात ते मुळातच शिस्तीचे लोक, आणि शिस्तीच्या लोकांचं रक्त ध्यानाशिवायही बरं असतं. कोण कुठल्या गटात जाईल हे तुम्ही ठरवायचं नाही. संगणकाने काढलेली यादी बंद पाकिटात, आणि पाकीट तुमच्या ताब्यात नाही. तुमचा वर्ग हा तुमचा व्यवसाय आहे, त्यामुळे नमुने घेणारे आणि आकडे मांडणारे लोक वेगळे असलेले तुमच्याच भल्याचे.

सराव किती झाला हेही मोजा. हजेरी पुरत नाही, घरचा सरावही हवा. लोक वहीत जे लिहितात ते थोडं फुगवलेलं असतं. मोबाइलमधला साधा टायमर ज्याची नोंद आपोआप राहते, तो जास्त प्रामाणिक. ध्यानाने सगळ्यांना बरंच वाटतं असंही नाही. काहींची घबराट वाढते, जुने आघात वर येतात. त्याची नोंद ठेवायची सोय आणि गरज पडली तर पाठवायला मानसोपचारतज्ज्ञ, हे दोन्ही आधीच ठरलेले हवेत.

आणि टेलोमिअर मोजायचेच असतील, कारण तुमच्या डॉक्टर स्नेह्यांचा जीव त्यातच अडकलाय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं, तर आत्ता फक्त डीएनए साठवून ठेवा आणि दोन वर्षांनी पुन्हा रक्त घ्या. दोन्ही वेळी तीच नळी, डीएनए वेगळं करायची तीच किट, तीच सकाळची वेळ. पद्धत बदलली की लांबी बदलल्यासारखी दिसते. प्रत्येक वेळी पांढऱ्या पेशींची वेगवेगळी मोजणी करून ठेवा. जमलं तर टी पेशींच्या प्रकारांचीही. एका माणसाचे सगळे नमुने एकाच प्लेटवर, प्रत्येकी तीनदा, आणि लॅबमधल्या माणसाला गट आणि आधी-नंतर काहीच माहीत नको. लॅबला विचारा की एकच नमुना वेगवेगळ्या दिवशी मोजला तर आकडे कितपत जुळतात. हे लेखी देता येत नसेल तर दुसरी लॅब बघा. उणे ८० अंशांच्या फ्रीझरला जनरेटरचा आधार आहे का हेही विचारा. वीज गेली तेव्हा काय झालं होतं, हा प्रश्न विचारायला संकोचू नका.

'जैविक वय' सांगणाऱ्या मेथिलेशनच्या (डीएनएवरच्या रासायनिक खुणांच्या) चाचण्या आता भारतातही विकल्या जातात. स्टीव्ह होरवाथ यांचं डीएनएवरच्या ३५३ ठिकाणांवर आधारलेलं असं 'घड्याळ' २०१३ चं. त्यानंतर बरीच आली. २०२२ मध्ये दाखवलं गेलं की एकाच नमुन्याची दोन मोजमापं यातल्या काही घड्याळांत नऊ वर्षांपर्यंत वेगळी येऊ शकतात. सुधारित पद्धतींत हे कमी झालंय, पण बाजारातली चाचणी कुठली पद्धत वापरते ते विचारल्याशिवाय पैसे घालू नका. आणि काहीही मोजलंत तरी सहभागींना त्यांचा वैयक्तिक आकडा देऊ नका. 'तुमचं वय चार वर्षांनी उतरलं' असं एकाला सांगितलंत की तो व्हॉट्सॲपवर टाकेल, आणि ज्याचं वाढलं तो वर्ग सोडेल.

लांब टेलोमिअर म्हणजे उत्तम तब्येत हाही गैरसमज सहभागींना देण्याच्या माहितीपत्रकात नको. २०१७ मध्ये जनुकांच्या आधारे केलेल्या मोठ्या विश्लेषणात जन्मजात लांब टेलोमिअर असलेल्यांना हृदयविकाराचा धोका कमी, पण मेंदूच्या ग्लायोमासारख्या काही कर्करोगांचा जास्त असं दिसलं. विभागत राहण्याची मुभा मिळाली की ती बिघडलेल्या पेशीलाही मिळते.

कागदपत्रांचं थोडक्यात. नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या; नाशिकमधल्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला भागीदार केलंत तर हे सोपं जाईल. मग सीटीआरआय या भारतातल्या क्लिनिकल ट्रायलच्या नोंदवहीत नोंदणी, आणि ती पहिला सहभागी घेण्याआधीच, कारण १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. नोंदणीत मुख्य मोजमाप एकच लिहा. दहा गोष्टी मोजून त्यातली जी हलली तिच्यावर निबंध लिहिण्याची सवय या क्षेत्राला लागलेली आहे. संमतीपत्र मराठीत, आणि रक्त साठवून पुढे वापरणार असाल तर त्यासाठी वेगळी सही.

स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि उड्डियान (पोट आत ओढण्याची क्रिया) करताना पोटातला दाब किती उतरतो हे यंत्राने मोजलं. मोजायची तुमची इच्छा त्याच परंपरेतली आहे, मी ती मोडायला निघालेली नाही. पण त्यांनी जे यंत्राच्या आवाक्यात होतं तेच मोजलं.

तुमच्या ३० जणांचं मात्र काही वाया जायला नको. त्यांचे १५-१५ चे दोन गट करा, एकाला ध्यान आणि दुसऱ्याला तेवढ्याच वेळाचा चालण्याचा आणि आरोग्यगप्पांचा वर्ग, तीन महिने. यातून ध्यानाचा परिणाम कळणार नाही. कळेल ते असं: नाशिकमध्ये किती लोक चिठ्ठीने गट ठरवून घ्यायला तयार होतात, किती टिकतात, घरी खरोखर किती मिनिटं बसतात, किती जण केस कापू देतात, सीआरपी किती वेळा सर्दीमुळे बाद होतं. मोठा अभ्यास आखताना हेच आकडे लागतात. ते घेऊन आधी सांख्यिकीतज्ज्ञाकडे जा. टेलोमिअरच्या लॅबला आगाऊ रक्कम अजून दिली नसेल तर देऊ नका.